प्रंटीच्या आवारातली वाट

बस नदीकाठी थांबली, दार उघडलं, आणि डिम्पना टियर्नी उतरता उतरता ड्रायव्हरला म्हणाली, "थँक्यू हं बाळा, देव भलं करो."

आता आमच्या डब्लिनमध्ये बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार न मानणारा माणूस एक तर परका असतो, नाही तर घरून भांडून निघालेला असतो. त्यात विशेष काही नाही. पण त्या सकाळी तिची लेक रोझलीन मागोमाग उतरत होती, आणि आईच्या तोंडचा तो शब्द ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"आई, आज तेवढं जपून," ती फुटपाथवर येऊन म्हणाली.

"काय जपून? ड्रायव्हरलासुद्धा म्हणायचं नाही का आता?"

"ड्रायव्हरला म्हण गं. कोर्टात कुणाला म्हणू नकोस."

"का? कोर्टातली माणसं ड्रायव्हरपेक्षा वाईट असतात?"

रोझलीनने तिच्याकडे नीट पाहिलं. ऐंशी उलटलेल्या आईने आज चर्चला जायचा निळा कोट घातला होता, टोपीला पिन लावली होती आणि पर्समध्ये स्वच्छ रुमाल ठेवला होता. दोन तास तोंड आवरणं एवढंच तिच्याकडून हवं होतं, आणि नेमकं तेच ह्या बाईला जन्मात जमलं नव्हतं.

भांडण वाटेचं होतं. लिबर्टीज नावाच्या जुन्या वस्तीत, बिअरच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत, टियर्नींचा तबेला आहे. रोझलीनच्या आजोबांनी बांधलेला, कागदोपत्री टियर्नींचाच. पण रस्त्यावरून तबेल्यात जायचं तर मध्ये प्रंटीचं आवार लागतं. एके काळी तिथे लाकडी पिंपं दुरुस्त व्हायची. फाटकाची कडी काढायची, आवार ओलांडायचं, मग तबेला. आजोबांचे घोडे तिथून गेले, वडिलांचे गेले, आणि आता रोझलीनचा बिशप जायचा. बिशप म्हणजे करड्या रंगाचा, पोट सुटलेला, सदा उपदेश करायच्या बेतात असल्यासारखा दिसणारा घोडा. त्याला बग्गीला जुंपून रोझलीन कारखान्याच्या दारातून पर्यटकांना शहर दाखवायची. बाप गेल्यापासून हाच तिचा धंदा, आणि खरं सांगायचं तर नवरा, मूल, मित्र सगळं तो घोडाच.

गेल्या शरदात म्हातारा प्रंटी वारला. त्याच्या पुतण्याने लंडनमध्ये बसूनच आवार विकलं, एका हॉटेल बांधणाऱ्या कंपनीला. ह्या शहरात हल्ली जिथे बघावं तिथे क्रेन. तबेल्याच्या डावीकडे विद्यार्थ्यांसाठी सात मजली इमारत झालीच होती, उजवीकडे एक हॉटेल उभं होतं, मागे भिंत. आता समोरच्या आवारात दुसरं हॉटेल. जिथून बिशप जायचा तिथेच त्यांना पाया खणायचा होता. फाटक बंद झालं की तबेला रोझलीनचाच राहणार, पण दार नसलेल्या खोलीसारखा. आसपासचे बाकीचे तबेले केव्हाच जमीनदोस्त झाले होते, आणि तबेला दाखवल्याशिवाय नगरपालिका बग्गीचा परवाना देत नाही. म्हणजे वाट गेली की बिशप गेला.

"क्रेनवाल्याला सांगून ठेव," मॉसी डार्गन तिला म्हणाला होता. मॉसीही बग्गीवाला, तिच्या बापाचा जुना दोस्त. "रोज सकाळी बिशपला पट्ट्यात घालून उचलायचं नि रस्त्यावर ठेवायचं. पर्यटक दुप्पट पैसे देतील."

"तुला उचलायला सांगते आधी," रोझलीन म्हणाली. पण हसली नाही.

कोर्टाच्या दारात त्यांची वकील एथना रूनी हातात जाडजूड फाइल घेऊन उभी होती. तिशीतली, हुशार, आणि आज सकाळपासून काही न खाल्लेली.

"कशा आहात, मिसेस टियर्नी?"

"छान. थँक्यू, बाळा."

एथनाने रोझलीनकडे पाहिलं. रोझलीनने डोळे मिटून घेतले.

त्याचं असं झालं होतं. पंधरवड्यापूर्वी एथना त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कायदा समजावत होती. "एखाद्या वाटेने तुम्ही पुष्कळ वर्षं, उघडपणे, मारामारी न करता ये-जा केलीत, तर त्या वाटेवर तुमचा हक्क होतो. मालकाला मग ती अडवता येत नाही. पण एक अट आहे. मालकाच्या परवानगीने गेला असाल तर हक्क नाही. परवानगी म्हणजे मेहेरबानी, आणि मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते."

डिम्पना चहा ओतत होती. तिने किटली खाली ठेवली. "म्हणजे उद्धटासारखे घुसलो असतो तर वाट आमची, आणि माणसासारखे वागलो तर त्यांची?"

"थोडक्यात, हो."

"हा कायदा कुठल्या गाढवाने केला?"

"मुळात इंग्रजांनी."

"तरीच," डिम्पना म्हणाली, आणि पुन्हा चहा ओतू लागली.

पण रोझलीनचं लक्ष फडताळाकडे गेलं होतं. वरच्या कप्प्यात, पांढऱ्या फडक्यात गच्च बांधलेलं एक नाताळचं पुडिंग होतं. प्रंटीसाठी नेहमीप्रमाणे कित्येक आठवडे आधी करून ठेवलेलं, आणि नाताळपूर्वीच तो मेल्यामुळे राहून गेलेलं. तिने हातातला कप खाली ठेवला.

दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी डिम्पना एक पुडिंग घेऊन प्रंटीच्या कचेरीत जायची. लहानपणी रोझलीनही बोट धरून जायची. दारात उभं राहून आई म्हणायची, "मिस्टर प्रंटी, वर्षभर वाट दिलीत, फार आभारी आहोत." प्रंटी मोजकं बोलणारा माणूस. तो पुडिंग हातात घ्यायचा, वजनाचा अंदाज घ्यायचा आणि म्हणायचा, "पुढच्या नाताळापर्यंत खुशाल जा, मिसेस टियर्नी." दर वर्षी हेच. छोट्या रोझलीनला तर तो नाताळच्या प्रार्थनेचाच भाग वाटायचा. आणि आता ही वकील पोरगी सांगत होती की ती परवानगी होती! वर्षानुवर्षं ह्या मायलेकी स्वतःच्या हाताने, मनुका घालून, ब्रँडी शिंपडून, आपला हक्क त्या माणसाच्या टेबलावर नेऊन ठेवत होत्या.

रोझलीनने सगळं सांगितलं. एथनाने पेन खाली ठेवलं आणि चहाचा कप दूर सरकवला.

"हे मी ऐकलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे?"

"प्रंटीला होतं. तो गेला."

"मग ऐका. खोटं बोलायचं नाही. मी वकील आहे, मला ते चालणार नाही. विचारलं तर खरं सांगायचं. पण न विचारलेलं काहीही सांगायचं नाही. जमेल, मिसेस टियर्नी?"

"न जमायला काय झालं?" डिम्पना म्हणाली. ही ती बाई, जी पावाच्या दुकानात किती वाजले विचारलं तर शेजारणीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत पोचते.

कोर्टाची खोली लहान होती, लाकडाच्या पॉलिशचा वास येणारी. न्यायाधीश एक चष्मा लावलेली, थकलेल्या चेहऱ्याची बाई होती. हॉटेलवाल्यांचा वकील लॉलर म्हणजे उंच, पिकल्या केसांचा, आवाज लोण्यासारखा. ओरडणारा वकील परवडला, असं रोझलीनला त्याला पाहताक्षणी वाटलं.

आधी मॉसीची साक्ष झाली. टियर्नींचे घोडे त्या फाटकातून दिवसाढवळ्या जाताना आपण जन्मभर पाहिले, असं त्याने छातीठोक सांगितलं. मग रोझलीनची. तिला बाप गेल्यानंतरच्या वर्षांबद्दल विचारलं, कडीबद्दल विचारलं, फाटकाला कुलूप कधी होतं का विचारलं. प्रंटीने कधी अडवलं का? नाही. पुडिंगच्या वाटेला कुणी गेलं नाही. ती खाली उतरली तेव्हा छातीवरचा दगड अर्धा सरकला होता. उरलेला अर्धा आता निळा कोट सावरत साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे निघाला होता.

जुन्या वर्षांची साक्ष देणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. तिच्यावाचून केस उभी राहत नव्हती.

शिपायाने हाताला धरून डिम्पनाला पायरी चढवली.

"थँक्यू," ती म्हणाली.

कारकुनाने बायबल पुढे केलं. तिने शपथ घेतली आणि बायबल परत करताना म्हणाली, "थँक्यू."

कुणीतरी पाण्याचा पेला ठेवला. "अय्या, थँक्यू हं."

रोझलीनने बाकाची कड घट्ट धरली. एथना शांतपणे प्रश्न विचारत गेली. लग्न होऊन त्या गल्लीत कधी आलात? सासऱ्यांचे घोडे कुठून जायचे? नवऱ्याचे? रोज? कधी लपूनछपून? डिम्पनाने काय सुंदर उत्तरं दिली! थोडक्यात, मुद्देसूद. नवऱ्याच्या घोड्यांची नावं तेवढी तिने सगळी सांगितली, पण ते न्यायाधीशबाईंनाही आवडलेलं दिसलं. रोझलीनला क्षणभर आईचा अभिमान वाटला.

मग लॉलर उठला.

"मिसेस टियर्नी, दमला नाहीत ना? बसून सांगितलंत तरी चालेल."

"नाही, ठीक आहे मी. विचारल्याबद्दल थँक्यू, साहेब."

लॉलर हसला. त्याने फाटकाबद्दल विचारलं, कडीबद्दल विचारलं. प्रंटी फाटकात उभा राहून कधी हटकायचा का? नाही. तुमच्या नवऱ्याशी त्याचं कधी भांडण? छे, प्रंटी सज्जन माणूस. एका एका प्रश्नाला रोझलीन श्वास रोखत होती आणि उत्तर आलं की सोडत होती. प्रश्न पुडिंगच्या आसपास फिरत होते आणि पुढे जात होते. लॉलरला काहीच ठाऊक नाही, हे आता तिला पक्कं कळलं. तो अंधारात चाचपडत होता.

"माझं झालं," लॉलर न्यायाधीशांना म्हणाला.

एथनाचे खांदे खाली आले. रोझलीनने बाकावरचा हात सोडला. तळव्यावर वळ उठले होते.

डिम्पना उतरायला लागली. पायरीवर हात द्यायला आलेल्या शिपायाला ती म्हणाली, थँक्यू. पेला उचलणाऱ्या कारकुनाला म्हणाली, थँक्यू. मग जरा थांबून, टोपी सारखी करत, तिने न्यायाधीशबाईंकडे पाहून मान लववली. "तुमचेही आभार, बाईसाहेब. सगळे किती छान वागलात."

लॉलर बसत होता. तो अर्ध्यावर थांबला. त्याने डिम्पनाकडे पाहिलं, मग शिपायाकडे, मग पुन्हा डिम्पनाकडे. रोझलीनला त्याचा चेहरा स्पष्ट दिसला आणि तिला सगळं कळून चुकलं. ओरडावं, खुर्ची पाडावी, चक्कर आल्याचं सोंग करावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण ती नुसती बसून राहिली.

"एक शेवटचा प्रश्न विचारायची परवानगी असावी," लॉलर म्हणाला.

एथना ताडकन उठली. "साक्ष संपली आहे!"

"एकच असेल तर विचारा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मिसेस टियर्नी," लॉलरचा आवाज आणखी मऊ झाला, "सकाळपासून पाहतोय, तुम्ही इथल्या प्रत्येकाचे आभार मानलेत. अगदी माझेसुद्धा. मग इतकी वर्षं ज्याच्या आवारातून तुमचे घोडे गेले, त्या मिस्टर प्रंटींचे आभार तुम्ही कधीच मानले नाहीत?"

बाहेर नदीकाठाने एक बस गेली.

डिम्पनाने रोझलीनकडे पाहिलं. रोझलीनने मान हलवली. इतकी बारीक की दुसऱ्या कुणाला दिसू नये. नाही म्हण. एक शब्द, आई. आयुष्यात एकदा वाईट वाग.

डिम्पनाने रुमाल काढला, ओठ टिपले, रुमालाची घडी घालून परत पर्समध्ये ठेवला.

"न मानायला आम्ही कोण लागून गेलो, साहेब?" ती म्हणाली. "दर नाताळला मानले. पुडिंग घेऊन जायचे मी."

"आणि मिस्टर प्रंटी काय म्हणायचे?"

"म्हणायचे, पुढच्या नाताळापर्यंत खुशाल जा."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"थँक्यू, मिसेस टियर्नी," लॉलर म्हणाला आणि बसला. त्या वेळी मात्र डिम्पना काही बोलली नाही.

निकाल त्याच दुपारी लागला. न्यायाधीशबाईंनी टियर्नी कुटुंबाच्या सचोटीचं कौतुक केलं. इतकी प्रामाणिक साक्ष क्वचितच ऐकायला मिळते, म्हणाल्या. आणि मग वाट हॉटेलवाल्यांना देऊन टाकली.

मायलेकी पुलावरून चालत निघाल्या. बसमध्ये बसायची रोझलीनची तयारी नव्हती. पुलाच्या मध्यावर ती थांबली.

"एक शब्द होता, आई. 'नाही.' एवढाच."

"बायबलवर हात ठेवून?"

"हो, बायबलवर हात ठेवून! देवाने माफ केलं असतं. तो एका घोड्यासाठी तुला नरकात टाकणार होता का? आता काय करू मी? बिशपला बैठकीत बांधू?"

"ओरडू नकोस, लोक बघताहेत."

"बघू देत. तुला लोकांचंच पडलंय. आयुष्यभर तुला एवढीच काळजी, लोक आपल्याला वाईट म्हणतील. म्हणू दे की. वाट तर राहिली असती." रोझलीनने तोंड नदीकडे फिरवलं. बिशप सकाळी तिच्या पावलांचा आवाज ओळखून भिंतीवर नाक घासायचा. हे ती कुणाला सांगणार होती?

डिम्पना कठड्याला धरून उभी होती. वाऱ्याने टोपी वाकडी झाली होती आणि तिने ती सारखी केली नाही.

"त्याने मला वाटेबद्दल विचारलं नाही गं," ती हळू म्हणाली. "मी कसली बाई आहे, ते विचारलं. सगळ्यांसमोर. मला दुसरं उत्तर येत नव्हतं."

रोझलीन पुढे चालायला लागली. त्यानंतर कित्येक दिवस दोघी कामापुरतंच बोलल्या. एका सकाळी रोझलीनने खिडकीतून पाहिलं, तर आई परसात उभी राहून प्रंटीचं ते पुडिंग कुस्करून सीगल पक्ष्यांना घालत होती. ह्या घरात शिळ्या पावाचा तुकडाही कधी वाया गेला नव्हता. रोझलीन आतच राहिली. राग होताच, पण त्याला आता पहिल्यासारखी धार नव्हती.

हॉटेलवाल्यांनी मोठ्या मनाने ईस्टरपर्यंत मुदत दिली. घोडा न्यायला तेवढे दिवस फाटक उघडून देऊ, असं त्यांनी कळवलं. मॉसीने इकडेतिकडे विचारून शहराबाहेर, विक्लोच्या डोंगरात, एक बाई शोधली. ती लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवायची आणि तिला एक शांत, थोराड घोडा हवा होता.

बिशपला तिकडे न्यायच्या दिवशी आवार ओळखू येत नव्हतं. फरशी उखडून नेली होती, जुन्या पिंपांच्या शेडचा पत्रा कोपऱ्यात रचला होता, आणि खड्ड्याच्या कडेने बिशप जाईल एवढीच पट्टी ठेवली होती. वर क्रेनचा दांडा सावकाश फिरत होता. जुन्या फाटकाच्या जागी तारेचं नवं फाटक, त्याला कुलूप, आणि कुलपापाशी पिवळ्या जाकिटातला रखवालदार. मॉसी घोडे वाहायची गाडी घेऊन बाहेर रस्त्यावर उभा होता.

डिम्पनाला यायचंच होतं. तिने निळा कोट घातला होता. रोझलीनने लगाम धरला, आई दुसऱ्या बाजूने बिशपच्या मानेवर हात ठेवून चालू लागली. आपल्याला कुठे नेताहेत ह्याची त्याला कल्पना नव्हती. रोजच्यासारखा तो कारखान्याच्या दिशेला मान वळवून निघाला.

रखवालदाराने त्यांना पाहून कुलूप काढलं. बिचारा चांगला माणूस होता. त्याने फाटक अगदी भिंतीपर्यंत उघडलं, घोड्याला लागू नये म्हणून तारेचं टोक हाताने दाबून धरलं, आणि टोपी काढली.

"सावकाश येऊ द्या, मावशी," तो म्हणाला. "काही घाई नाही. हवा तेवढा वेळ घ्या."

बिशप फाटकातून बाहेर पडला. रखवालदार फाटक धरून तसाच उभा राहिला, आमच्याकडे कुणीही राहील तसा, थँक्यू हा एक शब्द ऐकायला. रोझलीनच्या घशात तो आपोआप वर आला. महिनाभर ज्या शब्दाला तिने शिव्या घातल्या तो जिभेवर येऊन बसला, तोंड उघडलंसुद्धा.

बिशपच्या मानेखालून आईचा हात आला आणि तिने रोझलीनचं मनगट घट्ट धरलं.

"नाही," डिम्पना म्हणाली. "त्याला म्हणायचं नाही. वाट आपली होती."

रखवालदाराला काही ऐकू गेलं नसावं. तो क्षणभर थांबला, मग सवयीनेच हसून म्हणाला, "त्यात काय एवढं," आणि त्याने फाटक लावून घेतलं.

डिम्पनाने मागे वळून पाहिलं नाही. लेकीचं मनगट तिने गाडीपर्यंत सोडलं नाही, आणि रोझलीननेही सोडवून घेतलं नाही.